तंजावरची गोळी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील एखाद्या शल्यवैद्यापुढे तंजावरचे नाव काढले असते, तर त्याला बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर आठवले नसते, भोसल्यांची गादीही आठवली नसती. त्याला आठवली असती एक गोळी. 'तंजावर पिल' या नावाने ती त्या काळच्या इंग्रजी वैद्यकग्रंथांतून वावरत होती. आपल्या मराठी इतिहासाने तंजावरच्या संगीताची, नाटकांची, शिलालेखाची आणि सरस्वती महालाची कौतुकाने नोंद घेतली आहे. या गोळीची मात्र सहसा कोणी आठवण काढीत नाही. तरीही तिची हकीकत सांगण्याजोगी आहे. औषध माणसाला बरे करते तसे ते त्याचे यकृत कसे नासवू शकते, पित्ताचा वाहता ओघ कसा अडवू शकते, आणि ही गोष्ट माणसाच्या ध्यानात यावयास इतका काळ का लागला, या प्रश्नांकडे जाणारी एक वाट या गोळीपासून निघते.

गोळी होती सर्पदंशावरची. १७८५ ते १७८९ या काळात पॅट्रिक रसेल हे कंपनी सरकारचे निसर्गशास्त्रज्ञ कर्नाटक प्रांतात काम करीत होते. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा त्यांचा मोठा सचित्र ग्रंथ १७९६ मध्ये निघाला. त्या सुमारास मद्रास इलाख्यातील इंग्रज डॉक्टरांत या गोळीची मोठी चर्चा होती. तिचा पाठ इंग्रजी ग्रंथांतून छापला गेला, तो असा : पांढरा सोमल, दोन विषारी मुळ्या, जमालगोट्याच्या बियांचा गर, काळी मिरी आणि पारा. हे सारे जिन्नस समभाग घ्यावयाचे, पारा रानकापशीच्या रसात दिसेनासा होईपर्यंत खलावयाचा आणि सर्व एकत्र करून गोळ्या वळावयाच्या. सहा जिन्नसांपैकी एक सोमल, म्हणजे गोळीच्या वजनाचा सहावा हिस्सा निव्वळ विष. त्याच्या जोडीला पारा आणि जुलाब होऊन आतडी पिळवटून काढणारा जमालगोटा. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात, ते याहून वेगळे काय असेल?

तथापि लोक ती घेत होते आणि पुष्कळजण बरेही होत होते. यात नवल काहीच नाही. आपल्या देशातील बहुसंख्य साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो मारक मात्रेत विष सोडतोच असे नाही. ज्याच्या अंगात विष भिनलेच नाही तो गोळीने वाचला असे सर्वांनी मानले. जो दगावला त्याला गोळी उशिरा मिळाली असे समाधान करून घेतले. रसेल यांचा पिंड शास्त्रज्ञाचा होता. कुत्री आणि कोंबड्या यांना सर्पदंश करवून पुढे काय होते ते ते टिपून ठेवीत. तंजावरच्या गोळीला रामबाण म्हणावयास ते तयार झाले नाहीत. परंतु कीर्ती अशी थोडीच थांबते! सोमलाच्या अंगी सर्पविष उतरविण्याची शक्ती आहे ही कल्पना समुद्र ओलांडून गेली. वेस्ट इंडीजमधील सेंट लुशिया बेटावर आयर्लंड नावाच्या लष्करी शल्यवैद्याने साप चावलेल्या सैनिकांना सोमलाचा अर्क पाजला आणि ते बरे झाल्याची हकीकत १८१३ मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यामागची प्रेरणा तंजावरच्या गोळीचीच होती. त्याने जो अर्क वापरला तो मात्र खास विलायती होता. १७८६ मध्ये थॉमस फाउलर या इंग्रज वैद्याने हिवतापावरील औषध म्हणून त्याची माहिती प्रसिद्ध केली होती आणि 'फाउलरचे द्रावण' या नावाने तो पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ जगभर वापरात राहिला.

या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. कावेरीकाठच्या वैद्याची गोळी आणि विलायती डॉक्टरचा अर्क, दोन्हींच्या पोटात सोमलच होता. एकाने तो खलात घोटला, दुसऱ्याने तो बाटलीत भरला, एवढाच काय तो फरक. आणि दोघांच्याही रोग्यांत जी इजा होणार होती ती त्यांच्यापैकी कोणालाच दिसणार नव्हती, कारण ती व्हावयाची जागा होती यकृत.

यकृत हे उजव्या बरगड्यांच्या आड लपलेले, सुमारे दीड किलो वजनाचे इंद्रिय. पोटात गेलेला प्रत्येक घास, प्रत्येक घोट आणि प्रत्येक मात्रा आतड्यातून शोषली गेली की एका मोठ्या शिरेवाटे आधी यकृताकडे जाते आणि मग उरलेल्या शरीराकडे. जुन्या काळी नाक्यावर जकातीची चौकी असे आणि आलेला माल उघडून पाहिल्याखेरीज पुढे सोडीत नसत. यकृताचे काम काहीसे तसेच आहे. औषधातील पदार्थांवर तेथील पेशी रासायनिक क्रिया करतात, त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे रूप देतात आणि मूत्रावाटे किंवा पित्तावाटे बाहेर घालवितात. पण माल तपासणाऱ्याच्याच हाती कधीकधी त्याचा स्फोट होतो. मूळ औषध निरुपद्रवी असते. त्याचे यकृतात जे रूपांतर होते ते मात्र दाहक निघते आणि ज्या पेशीने ते घडविले तिचाच प्रथम नाश करते.

दुसरी इजा पित्ताची. यकृत दिवसाकाठी पाऊण लिटरच्या आसपास पित्त तयार करते. दोन पेशींच्या मधल्या, केसाहूनही कितीतरी सूक्ष्म अशा पन्हळींतून ते झिरपते; अशा असंख्य पन्हळींचे पाट, पाटांच्या नळ्या आणि नळ्यांची एक वाहिनी होऊन ते आतड्यात उतरते. कावेरीच्या मुखाशी कालव्यांचे आणि पाटांचे जे जाळे पसरले आहे, त्यावर तंजावरची भातशेती पोसली जाते. त्यातील एखादा बारीक पाट बुजला तर नदी थांबत नाही, पण त्या पाटावरचे शेत मात्र वाळते आणि तुंबलेले पाणी भलत्याच ठिकाणी चढते. काही औषधे यकृताच्या पेशींना फारशी न मारता पित्ताच्या याच सूक्ष्म पाटांना अडवितात. मग पित्त रक्तात चढते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातीसारखा फिका पडतो आणि अंगाला अशी खाज सुटते की रात्रभर डोळा लागू नये.

सोमलाची रीत याहून वेगळी आणि अधिक कपटी आहे. तो लहान मात्रेने दीर्घकाळ पोटात जात राहिला तर यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या बारीक शाखांभोवती व्रणासारखे तंतू वाढतात. पेशी शाबूत दिसतात, कावीळही होत नाही. पण रक्ताची वाट अरुंद होते. मागे तुंबलेल्या रक्ताने प्लीहा फुगते, अन्ननलिकेच्या तळाशी शिरा टरारून येतात, आणि एके दिवशी, औषध बंद करून कित्येक वर्षे लोटल्यावरही, धडधाकट दिसणारा माणूस अकस्मात रक्ताची उलटी करतो. त्या घटकेला त्याला फाउलरच्या द्रावणाची आठवण कोण करून देणार? विसाव्या शतकात हा संबंध उलगडला तो चिवट त्वचारोगासाठी वर्षानुवर्षे ते द्रावण घेतलेल्या रोग्यांवरून. आपल्याकडे चंदीगड येथील संशोधकांनी १९७९ मध्ये अशाच प्रकारच्या यकृतविकाराच्या रोग्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृतांत सोमलाचे प्रमाण वाढलेले आढळले आणि काहींच्या बाबतीत तो दूषित पाण्यातून, तर काहींच्या बाबतीत औषधांतून पोटात गेला असावा असे दिसून आले. तंजावरच्या गोळीची कीर्ती होऊन तेव्हा जवळजवळ दोन शतके लोटली होती.

या साऱ्याचा दोष केवळ देशी वैद्यकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याच काळात, त्याच मद्रास इलाख्यात, विलायती डॉक्टर काय करीत होते तेही पाहावयास हवे. हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या माणसाचे यकृत येथील उष्णतेने बिघडते अशी त्यांची दृढ समजूत होती आणि त्यावर त्यांचे ब्रह्मास्त्र होते कॅलोमेल. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार. आपल्या रसकापुराच्या कुळातला. मद्रासचे नामांकित वैद्य जेम्स ॲन्स्ले पटकीच्या रोग्याला एका वेळी वीस ग्रेन, म्हणजे सव्वा ग्रॅमहून अधिक कॅलोमेल देत असत. हिंदुस्थानातील रोगांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८२८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग्याच्या हिरड्या सुजल्या, तोंडातून लाळेच्या धारा लागल्या, की औषध अंगी लागले असे डॉक्टर समजत. वस्तुतः ती पाऱ्याच्या विषबाधेची खूण होती.

कॅलोमेल घेतल्यावर शौच हिरवट होई. हा हिरवा रंग पित्ताचा, यास्तव कॅलोमेल यकृताला चेतवून पित्त वाहते करते, असा सिद्धान्त डॉक्टरांनी बांधला. तो दिसावयास इतका उघड होता की तो तपासून पाहावा असे पिढ्यान् पिढ्या कोणाला वाटलेच नाही. अखेर एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिने कुत्र्यांच्या पित्तवाहिनीला नळी जोडून पित्त भांड्यात धरले आणि प्रत्यक्ष मोजले. १८६८-६९ च्या सुमारास तिचा निष्कर्ष जाहीर झाला : कॅलोमेलने पित्त वाढत नाही. ज्या औषधाने दोन पिढ्यांच्या यकृतांवर उपचार केले, त्याचा यकृताला उपयोग नव्हता हे कळण्यासाठी एक भांडे आणि एक माप पुरेसे होते. नव्हती ती मोजण्याची इच्छा.

आणि येथे आपण सरफोजीराजांपाशी येतो.

दुसरे सरफोजी यांचा जन्म १७७७ चा. १७८७ मध्ये तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले. गादी अमरसिंगांकडे गेली आणि पोरक्या दत्तकपुत्राच्या वाट्याला जाच आला. त्याचा सांभाळ आणि शिक्षण यांची काळजी वाहिली ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. पण दुसऱ्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, आसपासचा थोडा मुलूख आणि तैनात. तलवार म्यान झालेल्या राजाने काय करावे? पुष्कळांनी अशा वेळी नाच-गाण्यांत आणि आतषबाजीत दिवस काढले. सरफोजींनी ग्रंथ जमविले. सरस्वती महालाला आजचे वैभव आले ते त्यांच्या संग्रहामुळे. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा मराठी इतिहास त्यांनी कोरवून घेतला. मुंबई-पुण्याकडे मराठी छपाई रुजण्यापूर्वी तंजावरास देवनागरी छापखाना चालू केला. १८२६ च्या मार्च महिन्यात बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा हा हिंदू राजा लाव्हाझिए, लिनिअस आणि ब्युफाँ यांची वचने सहज उद्धृत करतो हे पाहून ते थक्क झाले आणि तसे त्यांनी पत्रात लिहून ठेवले.

या राजांची मला सर्वांत मोलाची वाटणारी संस्था म्हणजे धन्वंतरी महाल. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी या चारही पद्धतींची औषधे तयार होत आणि वापरून पाहिली जात. गुणकारी ठरलेल्या पाठांचा संग्रह पुढे दरबारातील कवींनी तमिळ पद्यात बांधला. राजांच्या 'शरभेंद्र' या संस्कृत वळणाच्या नावावरून तो संग्रह 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात वनस्पतींबरोबर खनिज औषधेही आहेत. आपल्या काळाच्या मर्यादा राजांनाही होत्याच. सोमलाचा आणि पाऱ्याचा यकृतावरील परिणाम त्यांनी ओळखला होता असा दावा कोणी करू नये. तो काळ तसा नव्हता.

परंतु पद्यबद्ध पाठांहूनही मौल्यवान असे काही कागद सरस्वती महालात राहिले. ते आहेत नेत्ररोग्यांचे कागद. कोणता रोगी, डोळ्याला काय झाले, दृष्टी किती उरली, कोणते औषध दिले, शस्त्रक्रिया केली असल्यास ती कशी, आणि पुढे काय झाले, हे त्यांत क्रमाने लिहिलेले असून सोबत दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढलेली आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत मॅकबीन नावाच्या इंग्रज डॉक्टरचे साहाय्य होते. चेन्नईच्या नेत्रवैद्यांनी अलीकडच्या काळात या कागदांचा अभ्यास केला तेव्हा त्यांतील नेमकेपणा पाहून त्यांना आश्चर्य वाटले.

यातले शेवटचे कलम पुन्हा वाचावे : 'पुढे काय झाले.' वैद्यकाच्या इतिहासातील हे सर्वांत दुर्लक्षित कलम आहे. आपल्या भाषेत औषधाला गुण येतो म्हणतात, आणि अपाय झाला तर औषधाने अवगुण केला म्हणतात. गुणाची आणि अवगुणाची चाल मात्र सारखी नसते. गुण बहुधा लवकर येतो. रोगी आनंदाने वैद्याकडे जातो, चारचौघांत सांगतो. अवगुण उशिरा येतो, निराळ्याच रूपाने येतो, आणि तो येतो तेव्हा वैद्य समोर नसतो. सर्पदंशातून वाचलेला मनुष्य गोळीचे गुण गातो. वर्षानुवर्षे सोमल घेतलेला मनुष्य रक्ताची उलटी होऊन गेला तर शेजारी म्हणतात, त्याचे दिवस भरले होते. गुण आणि अवगुण यांची गाठ घालून देणारा दुवा एकच असतो, तो म्हणजे लिहून ठेवलेली नोंद. धन्वंतरी महालातील लेखणीने डोळ्यांपुरते का होईना, ते काम आरंभिले होते. डोळा दिसतो, म्हणून त्याचे चित्र काढता आले. यकृताचे चित्र काढावयास आणखी एक शतक जावे लागले.

ते चित्र कसे निघाले, तेही थोडक्यात पाहू. १९१० मध्ये पॉल एर्लिख यांचे सॅल्वर्सान हे उपदंशावरील औषध आले. हेही सोमलाचेच अपत्य, पण रसायनशास्त्राच्या शाळेत शिकून आलेले. त्याने असंख्य रोगी वाचविले. त्याचबरोबर इंजेक्शनानंतर काही रोग्यांना कावीळ होऊ लागली. क्वचित कोणाचे यकृत काही दिवसांत विरघळल्यासारखे नाहीसे झाले. मात्र आता दवाखान्यांत रोग्यागणिक कागद होते, तारखा होत्या, मात्रा लिहिलेल्या होत्या. ते कागद एकत्र ठेवून पाहिले तेव्हा ध्यानात आले की ही कावीळ एका जातीची नाही. काही रोग्यांत ती औषधाने नव्हे, तर नीट न उकळलेल्या सुईवाटे एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात गेलेल्या विषाणूमुळे होत होती; हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्पष्ट झाले. आणि काही रोग्यांत पेशी बऱ्याच अंशी शाबूत असूनही यकृताच्या आतले पित्ताचे बारीक पाट तुंबलेले होते. न्यूयॉर्कचे हँगर आणि गुटमन यांनी १९४० मध्ये ही गोष्ट मांडली. औषधाने पित्ताचा ओघ अडतो या ज्ञानाचा पाया येथे घातला गेला. १९५० नंतर क्लोरप्रोमाझीन हे मनोविकारावरील औषध आले आणि ते घेणाऱ्या शंभरांतल्या एखाद-दुसऱ्याला अगदी अशाच तऱ्हेची कावीळ झाली, तेव्हा डॉक्टरांना तिची ओळख पटावयास वेळ लागला नाही. आधीच्या रोग्यांचे कागद त्यांना वाट दाखवीत होते.

आज यकृताच्या औषधजन्य इजेचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. काही औषधांचा अपाय मात्रेवर ठरतो. पॅरासिटॅमॉल हे नित्याच्या वापरातील औषध याचे उदाहरण आहे. ठराविक मात्रेत ते निर्धोक, पण प्रौढाच्या पोटात दिवसाला चार ग्रॅमपेक्षा अधिक गेले तर यकृताला धोका, आणि मद्यप्याला किंवा कुपोषिताला त्याहूनही कमी मात्रेत. दुसऱ्या प्रकारात मात्रा योग्य असते, औषध योग्य असते, तरी हजारांतील एखाद्याच्या देहप्रकृतीला ते मानवत नाही. तो कोण, हे आधी सांगता येत नाही. काही प्रतिजैविकांची कावीळ तर औषधाचा क्रम संपल्यावर काही आठवड्यांनी उगवते. मग त्या दोहोंचा संबंध रोग्याच्या स्वप्नातही येत नाही.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर या बाबतीत पहिला क्रमांक क्षयरोगावरील औषधांचा आहे. मद्रास शहरात १९५६ मध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले, आणि रोग्याला आरोग्यधामात न ठेवता घरी औषधे देऊनही तो तितकाच बरा होतो हे तेथील संशोधनाने १९५९ मध्ये सिद्ध केले. गरिबाच्या दृष्टीने ही केवढी मुक्तता! त्याबरोबर एक जबाबदारीही घरी आली. गोळ्या घेणाऱ्यावर आता परिचारिकेची नजर नव्हती. अवगुण ओळखावयाचा तो रोग्याने किंवा त्याच्या घरच्यांनी. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे जीवनदायी आहेत आणि तिन्ही यकृताला बाधू शकतात. अनेक भारतीय रुग्णालयांनी मिळून ठेवलेली सुमारे १,३०० रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली; तीत औषधजन्य यकृतविकाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत कारण क्षयाच्या औषधांचे होते, आणि त्याखालोखाल क्रम होता देशी व पर्यायी औषधांचा.

हा दुसरा क्रमांक अनेकांना बोचतो. झाडपाला निरुपद्रवी असतो अशी आपली श्रद्धा आहे. कोविडच्या साथीत मुंबईसह सर्वत्र घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असा काढा घेतल्यावर यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तीस आक्षेप घेतला. वापरलेली वेल खरोखर गुळवेलच होती कशावरून, असा प्रश्न करण्यात आला. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधण्याचा मार्गही एकच होता, अधिक नोंदींचा. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. याच्या उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. ज्या भुईआवळीला तमिळ लोक 'कीळानेल्ली' म्हणतात आणि आपण व ते दोघेही कावीळीवर जिचा रस देतो, तिच्याविषयी १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी मोठे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे इतरांनी केलेल्या चाचण्यांत ते तसे आढळले नाहीत. कावीळ पुष्कळदा आपोआप ओसरते. तेव्हा रसाला गुण आला की निसर्गाला, हे मोजल्यावाचून कसे कळावे? सर्पदंशाच्या गोळीचाच हा जुना प्रश्न आहे.

चरकसंहितेत औषधाच्या अपयोगाने ते विष होते हा विचार स्पष्टपणे आला आहे. म्हणजे जाणीव आपल्या परंपरेत होती. उणीव होती ती जाणीव प्रत्येक रोग्यापाशी, प्रत्येक मात्रेपाशी लिहून ठेवण्याच्या शिस्तीची. आणि ही उणीव विलायती वैद्यकातही तितकीच होती. देशी की विलायती या वादात आपण जो वेळ घालवितो, त्यातला थोडासा जरी वहीपेन्सिलीला दिला, तरी पुष्कळ प्राण वाचतील. घरात जो कोणी दीर्घकाळ औषध घेत असेल, त्याने औषधाचे नाव, मात्रा आणि आरंभाची तारीख लिहून ठेवावी. काढा, भस्म, चूर्ण हेही त्यातून वगळू नये. औषध सुरू असताना अन्नावरची वासना उडाली, मळमळ आणि थकवा आला, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर ती वही घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. क्षयाची औषधे मात्र आपल्या मनाने कायमची सोडू नयेत. बहुतेक रोग्यांना डॉक्टर काही दिवस थांबवून, रक्त तपासून, ती सावधपणे पुन्हा सुरू करून देऊ शकतात. इजा वेळेवर ओळखली आणि तिचे कारण दूर झाले, तर यकृत पुष्कळदा आपले आपण सावरते. इतकी क्षमाशीलता शरीरातील फार थोड्या इंद्रियांत आढळते.

सरफोजीराजे १८३२ मध्ये निवर्तले. त्यांच्या पुत्राच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये तंजावरचे राज्यही संपले. सरस्वती महाल १९१८ पासून जनतेचा झाला. आज तेथे चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत, आणि त्यांच्या सोबतीस मोडी लिपीतल्या दफ्तरांचे गठ्ठेच्या गठ्ठे. त्यांतील खजिन्याचे हिशेब आता कोणाच्या कामाचे नाहीत. मानपानाच्या यादींतले मानकरीही उरले नाहीत. पण कोणा एका दुखऱ्या डोळ्याखाली, त्याला काय दिले आणि पुढे काय झाले, हे लिहिणारा हात अजून आपल्याशी बोलतो. तंजावरच्या गोळीखाली असा एखादा कागद कोणी जोडला असता, तर लंडनपासून सेंट लुशियापर्यंत तिची कीर्ती कदाचित पोहोचली नसती, आणि सोमलाने बाधलेल्या कित्येक यकृतांची साक्ष दोनशे वर्षे आधीच ऐकू आली असती.